देवमासे गप्प का होते?

“खाडीत एकही नारव्हाल नाही,” मापू नावाचा यंत्रमानव म्हणाला आणि अकरा वर्षांच्या पिपालुकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नारव्हाल (लांब सुळ्याचा देवमासा) खाऊनच तर उत्तर ध्रुवाजवळचं तिचं गाव अख्खा हिवाळा काढायचं.

मापूला जलमार्ग मंडळाने पाठवलं होतं. मंडळाच्या जहाजाने तीन आठवडे खाडीत जलध्वनिग्राहक (पाण्याखालचा माइक) सोडला, पण नारव्हालची एक शीळही ऐकू आली नाही आणि जहाज परत गेलं. म्हणून आता मालवाहू जहाजं इथूनच जाणार होती. गावाला विचारलं होतं का? हो तर! बैठकीत मागच्या बाकावर बसवलं होतं. मत द्यायचा अधिकार नाही, आणि आजोबा बोलायला उठले तेव्हा म्हणे वेळ संपली. याला काय विचारणं म्हणतात?

आजोबा वाद घालत बसले नाहीत. त्यांनी दोघांना होडीत बसवून खाडीच्या मध्यावर नेलं. मग वल्ह्याचं पातं पाण्यात बुडवलं आणि दांड्याचं टोक पिपालुकच्या कानाला लावलं. गावातले शिकारी असंच ऐकतात. आवाज पाण्यात हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो, लांबवर पोचतो आणि लाकडातून थेट कानात येतो.

टकटक. शीळ. पुन्हा टकटक.

मापूनेही ऐकलं आणि तो गोंधळला. मग माइकला का नाही ऐकू आलं?

“तेव्हा जहाजाचं इंजिन चालू होतं?” आजोबांनी विचारलं.

“चोवीस तास.”

आजोबांनी समजावलं. नारव्हाल प्रतिध्वनीवरून (आदळून परत आलेल्या आवाजावरून) वाट शोधतात. इंजिनाची घरघर आली की ते घाबरून चिडीचूप होतात. घरघर रोजचीच झाली, तर खाडीच सोडतील.

“आधी घाबरवायचं, मग म्हणायचं कुणी बोललंच नाही,” पिपालुक म्हणाली. “आमच्याशीही तुम्ही तेच केलंत.”

मापूने अहवाल उघडला. त्यात गावाच्या मतासाठी रकानाच नव्हता.

“मग अहवाल अपुरा आहे,” ती म्हणाली. “तसंच लिही.”

मापूने तसंच लिहिलं. अपुऱ्या अहवालावर जहाज सोडता येत नाही, हा मंडळाचाच नियम होता. मालवाहू जहाजं थांबली. पुढची बैठक गावात घ्यावी लागली, गावाला मताचा अधिकार देऊन. आजोबा पहिल्या रांगेत बसले. जहाजाने आलेले मंडळाचे अध्यक्ष भाषणाला उठले, तेवढ्यात पिपालुकने त्यांच्यासमोर वल्हं ठेवलं. तिचा राग अजून गेला नव्हता.

“बोलायचं नंतर,” ती म्हणाली. “आधी किनाऱ्याजवळ उभ्या तुमच्या जहाजाचं इंजिन बंद करा आणि होडीत चला.”