साडेसोळा किलो

केजमध्ये माझं वेल्डिंगचं दुकान आहे. ग्रिल, शटर, ट्रॉलीचे साटे, जे येईल ते करतो. माझा विश्वास टेप, ओळंबा आणि लेव्हल या तिघांवर. देवाधर्माचं खातं घरात आईकडे आहे.

यंदा उन्हाळ्यात गावातल्या शिक्षक-व्यापारी मंडळींनी जुनी बाग पुन्हा उभी करायचं मनावर घेतलं. निजामाच्या काळात कुण्या हौशी तहसीलदारानं लावलेली बाग. घडीव दगडाची कमान, मधोमध अष्टकोनी कारंजं, आणि पंचमीला अख्ख्या गावाच्या बायका जिथं झोके बांधायच्या तो वड. पंचेचाळीस वर्षं तिला कुलूप होतं. वेड्या बाभळी इतक्या माजल्या होत्या, की कमानीत उभं राहून कारंजं दिसत नव्हतं. लोखंडी कामासाठी परमेश्वर गुरुजी माझ्याकडे आले. "सोमेश्वरआप्पा, गावचं काम हाय. न्हाई म्हणू नका." मला न्हाईच म्हणायचं होतं. पण कारण सांगावं लागलं असतं, म्हणून हो म्हणालो.

बाभळी निघाल्यावर मुळांच्या जाळ्यात तराजू सापडला. शहरात त्याला सीसॉ म्हणतात. आम्ही किराणावाल्याची पोरं, आम्ही तराजूच म्हणायचो. लोखंडी पट्ट्यांची लांब फळी, मधे खांब, आणि दोघांना जोडणारा वीतभर लांब, अंगठ्याएवढा जाड खिळा.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात याच तराजूवरून माझी बहीण रुद्राणी पडली. ती सहा वर्षांची, मी नऊ. डोकं खालच्या दगडावर आपटलं. घरी नेईपर्यंत ती राहिली नाही. काय झालं म्हणून वडिलांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, खिळा निसटला. कुणी वाकून पाहिलं नाही. बागेचा माळी बद्रीनाथ सांगत होता, खिळा जागेवर आहे म्हणून. पण माळ्याचं कोण ऐकतो? दुकानदाराच्या पोरानं सांगितलं होतं ना. बद्रीनाथला काढून टाकलं, बागेला कुलूप लागलं. तो ऊसतोडीला गेला आणि तिकडंच कुठंतरी वारला.

खरं इतकंच होतं, की मी खाली होतो, रुद्राणी वडाकडच्या टोकावर वर होती, आणि चारच्या सुमाराला फाटकात गारेगारवाल्याची घंटा वाजली. मी उडी मारून पळालो.

आता तोच खिळा मी ठोकून बाहेर काढला. गंजून लाल झालेला, पण अखंड. तो निसटू नये म्हणून दोन्ही टोकांना घातलेल्या चाव्यासुद्धा शाबूत. मी तो खिशात टाकला. शेजारी भिवराबाई गवत काढत होती. बद्रीनाथची मुलगी, रोजानं साफसफाईला आलेली. तिनं माझ्या खिशाकडं पाहिलं आणि पुन्हा खुरपं चालवू लागली.

घरी आई बाजेवर बसलेली. ब्याऐंशीची आहे, डोळे गेलेत. बागेचं काम निघाल्यापासून तिचा एकच धोशा. "खिळा घावला का रं? माझ्या हातात आणून दे. माझं लेकरू खाल्लेला कसा हाय, बघू दे मला."

"न्हाई घावला," मी म्हणालो. खिळा खिशातच होता. मला स्वतःची किळस आली, पण हात खिशाकडं गेला नाही.

तराजू मी मन लावून केला. खिळ्याच्या जागी नवा कणा, दोन बेअरिंग, दोन्ही बाजू टेप लावून सारख्या. फळीवर लेव्हल ठेवली तर बुडबुडा बरोबर मधोमध. हात काढला तरी फळी आडवीच्या आडवी राहिली. इतकं नेमकं काम माझ्या हातून क्वचित झालं असेल.

दुपारी चारच्या सुमाराला वडाकडचं टोक खाली गेलं.

आधी वाटलं, वारा. मग वाटलं, बेअरिंगमध्ये खडा. खोललं, धुतलं, पुन्हा बसवलं. दुसऱ्या दिवशी चारला तेच. तिसऱ्या दिवशी मी अख्खी फळी काढून उलटी फिरवली. वडाकडचं टोक कमानीकडं, कमानीकडचं वडाकडं. दोष लोखंडात असता, तर आता कमानीची बाजू खाली जायला हवी होती. चारला वडाचीच बाजू खाली गेली. सावकाश. कुणीतरी बेतानं बसावं तशी.

जमीन उतरती असेल म्हणून ओळंबा लावला. खांब सरळ होता.

मी दुकानदाराचा मुलगा. पारडी सारखी नसली तर हलक्या बाजूला वजन टाकून धडा करायचा, हे मला पाढ्यांच्या आधी शिकवलेलं. चौथ्या दिवशी वडिलांची जुनी वजनं पोत्यात घालून आणली आणि कमानीकडच्या टोकावर एकेक ठेवत गेलो. पाच, पाच आणि पाच. एक. अर्धा. फळी आडवी झाली. पावशेर जास्त ठेवला की इकडं कलायची, काढला की पुन्हा आडवी.

साडेसोळा.

त्या रात्री जेवताना मी आईला विचारलं, "रुद्राणीला गुळानं तोललं होतं, तेव्हा ती किती भरली होती गं?" रुद्राणी गोवरातून उठली म्हणून वडिलांनी कपिलधारला देवापुढं तिची गुळानं तुला केली होती. ती गेली त्याच्या आदल्याच आठवड्यात. तो गूळ गावभर वाटला. तिच्या दिवसकार्याला आलेल्या माणसांच्या तोंडाची गोडीसुद्धा गेली नसेल.

"साडेसोळा," आई म्हणाली. तिचा घास हातातच थांबला. "कावून इचारतो?"

"सहज."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सगळे कमानीबाहेर मांडव घालत होते. मी एकटाच आत. चार वाजले, टोक खाली गेलं. मी कमानीकडच्या टोकावर बसलो. अठ्ठ्याहत्तर किलोचा माणूस. फळी माझ्याकडं खाली आली, पाय जमिनीला टेकले, समोरचं टोक वर गेलं. यात नवल काहीच नाही.

मग फळी थरथरली. थोडी थांबली. पुन्हा थरथरली. वर बसलेलं मूल पाय हलवतं तेव्हा खालच्याला कळतं, तशी. ती थरथर मला पाठ होती.

बाहेर कुल्फीच्या गाडीची घंटा वाजली.

मी दोन्ही हातांनी दांडी धरली. उतरलो नाही.

उन्हं कलली. मांड्यांना रग लागली, तहानेनं घसा कोरडा पडला. भिवराबाई खुरपं धुवायला आली.

"आप्पा, उतरा की. च्या आलाय."

"उतरता येत नाही."

तिनं वरच्या टोकाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"खिळा निसटला नव्हता, भिवराबाई," मी म्हणालो. "मीच उडी मारली होती." आणि मला रडू आलं. चोपन्न वर्षांच्या माणसाला शोभत नाही असं.

"ठावं हाय. माझ्या बापानं बघितलं व्हतं."

"मग उडीचं तो बोलला का नाही?"

"बोलला की. कुनी ऐकलं?"

तिनं पदर खोचला. वरच्या टोकाखाली गेली, टाचा उंचावल्या, दोन्ही हात वर केले.

"ये माय."

फळीची थरथर थांबली.

"उतरा आता," ती म्हणाली.

मी उतरलो. फळी हळूहळू आडवी झाली आणि तशीच राहिली. भिवराबाई कमानीकडं निघाली होती. डावी कंबर बाहेर काढून, अंग उजवीकडं झुकवून, डावा हात कोपरात वाकवलेला. कडेवर मूल असलं की बाई अशी चालते. कमानीपाशी तिनं मागं वळून पाहिलं.

"चला. घरी म्या न्हाई सांगायची. तुमी सांगायचं."

आई बाजेवर मांडी घालून बसली होती. मी तिच्या हातात खिळा ठेवला. तिनं तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला. मग परत.

"हा तर धड हाय."

"हो."

"मग?"

मी सांगितलं. घंटेपासून सगळं. आई रडली नाही. मला वाटत होतं तिनं मारावं. तिनं फक्त खिळा बाजूला ठेवला.

भिवराबाई बाजेपाशी वाकली, आणि उठताना तिची कंबर सरळ झाली होती.

आईच्या मांडीवरचं लुगडं खोल गेलं.

"आई, मला..."

"हळू बोल," आई म्हणाली. "निजलीय ती."

बाग सुरू झाली. पोरं तराजूवर खेळतात. चार वाजता मी जाऊन बघतो, फळी आडवी असते. आई माझ्याशी बोलत नाही. संध्याकाळी तिच्या खोलीतून गोष्ट ऐकू येते, आम्हा दोघांना सांगायची तीच, टोपीवाल्या उंदराची. सांगता सांगता ती हुंकारासाठी थांबते. मला काही ऐकू येत नाही. ती पुढं सांगू लागते.

काल राहवलं नाही. ती थांबली तेव्हा मी दाराआडून हुंकार दिला.

 आतून आई म्हणाली,

"तू न्हाई."