माशांचा पाव

बाटली पाण्यात बुडवायला ती वाकली आणि मागून कुणीतरी म्हणालं, "जपून हं, शेवाळ आहे!"

ती दचकली आणि घसरलीच. त्यानं दंड धरला म्हणून बरं. क्रेनवाला होता, पाळी संपवून आलेला.

"तुम्ही बोलला नसतात, तर घसरलेच नसते!" ती फणकारली.

अशी ती ओळख. बंदरामागचं एवढंसं तळं; एका काठाला तेलाच्या टाक्या, पलीकडे कारखान्याची बंद पडलेली चिमणी. प्रयोगशाळेसाठी ती तिथून पाण्याचे नमुने न्यायची. पाणी सारखं खराब निघालं तर तळं बुजवायचं, असं बंदराच्या साहेबांनी ठरवलेलं. आणि मेलं पाणी खराबच निघत होतं! दिवसभर उभं राहून तिचे पाय भरून यायचे, पण तळ्यावर यायचा कंटाळा कधी आला नाही. पायरीवर तो बसलेला असायचा ना...

"आई म्हणते, मी घरी फक्त झोपायला येते."

"माझी म्हणते, मी जेवतानाच झोपतो."

एवढंच बोलणं. दमलेल्या माणसांना तेवढंही पुरायचं.

"आज शेवटचा नमुना," एका संध्याकाळी ती म्हणाली. "खराब निघाला की भराव टाकणार."

त्याचा चेहरा उतरला. "थांबा — इथं नका घेऊ. इथं मी पाव टाकतो. रोज. माशांना."

"मी बाटली बुडवते तिथंच? अहो, पाव कुजून पाणी बिघडणारच की!"

"आधी माशांसाठीच टाकायचो. मग तुम्ही म्हणालात, पाणी चांगलं निघालं की तुमचं इथलं काम संपलं... तळं बुजवतील, हे कुठं ठाऊक होतं मला!"

रागवावं की हसावं, तिला कळेना. तिनं साहेबांना खरं ते सांगितलं, बोलणी खाल्ली आणि चिमणीच्या काठाचं पाणी तपासलं. चांगलं निघालं. तळं वाचलं. तिचं काम संपलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पायरीवर मान खाली घालून बसला होता.

"सरक की जरा."

त्यानं वर पाहिलं. "बाटली कुठाय?"

"नाही आणली. तुझ्यासाठी आलेय." ती धपकन शेजारी बसली. "पाव आहे?"

"आहे... पण आता पाण्यात नाही टाकत."

"मग दे इकडे. भूक लागलीये मला."

अर्धा पाव खाऊन होतो न होतो तोच तिचे डोळे मिटले, त्याच्या खांद्यावर.