दहा दिवसांची मुदत

पिट्सबर्गचा विमानदुरुस्तीचा हँगर बंद झाला, तेव्हा चौदा वर्षांच्या नोकरीच्या जोरावर मार्लिसने टल्सातली जागा मागून घेतली. विमान कंपनीचा नियमच तसा... जुन्याने हवी तिथली जागा मागायची, तिथल्या सगळ्यात नव्याने उठायचं. हा हक्क एकदाच वापरता येई.

पहिल्याच सकाळी तिची अवजारांची भलीमोठी पेटी दारातल्या बर्फात रुतली. ढकलून ढकलून ती घामाघूम झाली, पेटी ढिम्म हलेना!

“आत अख्खं विमान भरून आणलंत की काय?” मागून कुणीतरी विचारलं.

“दात काढण्यापेक्षा हात लावा की!”

त्याने हात लावला. नाव ओरेन. हसला की उजव्या गालाला खळी पडायची. मार्लिसने ती पाहिली आणि पाहिलीच नाही असं दाखवलं.

मग रोज दुपारी विमानाच्या पंखाखाली दोघांचे डबे उघडू लागले. तो तिच्या सँडविचमधली लोणच्याची काकडी पळवायचा.

“चोर मेला!”

“जा, युनियनकडे तक्रार कर!”

अहो-जाहो चौथ्या दिवशीच गळून पडलं होतं.

नवी जागा पसंत नसेल, तर ती दहा दिवसांत परत करता येई. नोकरीवर मात्र पाणी सोडावं लागे. मार्लिसला कसली नापसंती? ती तर आरशासमोर जरा जास्तच रेंगाळू लागली होती.

अकराव्या दिवशी ओरेनने काकडीला हातही लावला नाही.

“मार्लिस... तू मला फार आवडतेस. आणि शुक्रवारी मी मायामीला चाललोय.”

“काहीतरीच!”

“तू आलीस, तेव्हा इथल्या नव्या-जुन्यांच्या यादीत सगळ्यात खाली माझं नाव होतं. तुझे दहा दिवस संपले, आता मी उठायचं.”

मार्लिसने हातातलं सँडविच खाली ठेवलं. यादीत तिने फक्त स्वतःचं नाव शोधलं होतं. खाली कोण आहे, हे बघायचं तिला सुचलंही नव्हतं.

“काल का नाही बोललास? काल मुदत होती!”

“म्हणूनच. तू जागा सोडली असतीस.”

“सोडली असती! पण ते मी ठरवायचं होतं, ओरेन... तू नव्हे.”

“चुकलं माझं,” तो खाली बघत म्हणाला.

मार्लिसने बाहीने डोळे पुसले. राग त्याचा आला होता, स्वतःचा त्याहून जास्त.

“तिथे कोण उठणार तुझ्यामुळे?”

“एमिलियो म्हणून कुणी आहे. चार वर्षांची नोकरी.”

“त्याला पहिल्याच दिवशी सांग.”

“सांगेन.”

भोंगा झाला. तो उठला, तशी तिने त्याची बाही धरली.

“मलाही आवडतोस तू,” ती म्हणाली. “मीसुद्धा... कालच बोलायला हवं होतं.”