नऊ हजार येनांचा समुद्र

“समुद्राला माझी ओळख करून द्यावी लागत नाही,” असं म्हणून त्या तरुणानं भिंतीवरची सगळ्यात महाग गळाची काठी उतरवली, नळीतून नळी ओढत पूर्ण लांब केली आणि ऐटीत मागे वळला.

काठी पाच मीटरची होती आणि दुकान चार मीटरचं. टोक कोपऱ्यात खुर्चीवर डुलक्या घेणाऱ्या ओगाता-सानांच्या टोपीत घुसलं. टोपी अलगद वर गेली आणि छताला टेकून तिथंच थांबली. ओगाता-सान डोळे न उघडताच “या, या” म्हणाले. म्हातारा पक्का दुकानदार होता.

गल्ल्यामागे त्यांची मुलगी चिनामी बसली होती. आठ वर्षं या दुकानात गळ, दोरे आणि शिसं विकून तिनं तोबेउरा बंदरातल्या यच्चयावत थापा ऐकल्या होत्या. हातातून निसटलेला मासा दरवर्षी वीतभर वाढतो, हे तिला ठाऊक होतं. पण दुकानाचं दार पुरतं बंद होण्याआधीच थाप उताणी पडलेली ती पहिल्यांदाच बघत होती. त्यानं टोपी खाली काढली आणि मुकुट चढवावा तशी दोन्ही हातांनी म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवली. मग तीनदा कमरेत वाकला. तिसऱ्या वेळी कपाळ गल्ल्यावर आपटलं.

“लागलं का?” चिनामीनं विचारलं.

“नाही... सवय आहे,” तो म्हणाला. कपाळ लालभडक झालं होतं. चिनामीनं खालचा ओठ दातांत धरला. हसू आवरायला धरला, असं तिनं स्वतःला सांगितलं.

त्याचं नाव केइगो मोमोसे. सहा महिन्यांपूर्वी डोंगरातल्या नागानोहून तो इथल्या नगरपालिकेच्या पाणी खात्यात लागला होता. खात्याच्या पार्टीत दोन ग्लास बिअर झाल्यावर, लहानपणापासून आपण समुद्रातच वाढलो असं तो सांगून बसला होता, आणि साहेबांनी आनंदानं त्याचं नाव बंदराच्या धक्क्यावरच्या मासे पकडण्याच्या स्पर्धेत घातलं होतं. स्पर्धा पुढच्या रविवारी. ‘माझं सामान गावी राहिलंय’ अशी त्याची तक्रार होती. ती करताना त्यानं हातातलं रीळ उलटं धरून मूठ मागे फिरवली. मूठ निघून हातात आली.

चिनामीनं ती मूठ काढून घेतली, परत बसवली आणि बजेट विचारलं. पैशांचा प्रश्नच नाही, असं तो म्हणाला. मग खिशातून पाकीट काढलं. पाकिटात नऊ हजार येन होते, आणि तेवढाच प्रश्न होता.

तिनं ती महाग काठी परत भिंतीवर टांगली आणि त्याच्यापुढे आधी लाल रंगाचं लाइफ जॅकेट ठेवलं. पाण्यात पडलं की आपोआप फुगणारं. निम्मे पैसे त्यातच जाणार होते.

“यानं मासा पकडता येतो का?” त्यानं विचारलं.

“यानं तुम्हाला पकडता येतं.”

मला पोहता येतं, असं त्यानं सांगून बघितलं. कुठं शिकलात, असं तिनं विचारल्यावर त्यानं शाळेच्या तलावाचं नाव घेतलं. त्यावर ती नुसती बघत राहिली. त्यानं जॅकेट घेतलं. महाग काठीनं मासा मोठा लागत नाही, काठी हरवली तर दुःख तेवढं मोठं होतं, असं तिनं समजावलं. मग ती आत गेली आणि एक जुनी काठी घेऊन आली. मधे तडा होता, त्यावर लाल दोरा घट्ट गुंडाळून वर रोगण चढवलेलं. सातशे येन.

“हा दोरा कुणी गुंडाळला?”

“मी. शाळेत असताना. माझीच काठी आहे ती.”

यानंतर त्यानं भिंतीवरच्या काठ्यांकडे एकदाही बघितलं नाही.

दोरा भरलेलं साधं रीळ घेतलं आणि उरलेल्या पैशांत सगळं एकदम येईना. म्हणजे येत होतं. पण मोमोसेनं तसं होऊ दिलं नाही. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो यायचा आणि एक वस्तू न्यायचा. सोमवारी शिशाचा एक गोळा. मंगळवारी एक गळ.

“दहाची पुडी असते,” चिनामी म्हणाली.

“आज मला एकच परवडतो.”

“आणि उद्या?”

“उद्या दुसरा. परवा तिसरा... तुमची हरकत नसेल तर.”

तिनं पुडी फोडली. कोपऱ्यातल्या खुर्चीतून ओगाता-सान पुटपुटले की असा धंदा केला तर दुकान पुढच्या वर्षीपर्यंत चालेल, पण दहाव्या गळाला लग्न लागेल. दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं. चिनामीचे कान मात्र ऐकून तांबडे झाले.

भाताचा गोळा खाता खाता मोमोसे तिला समुद्राच्या गोष्टी सांगायचा. ती ऐकून घ्यायची. बुधवारी बारीक झिमझिम चालली होती, रस्त्यावर कुणी नव्हतं, तेव्हा तिनं हलकेच विचारलं, “मोमोसे-सान, नागानोला समुद्र कुठल्या बाजूला आहे?”

त्यानं घास गिळला. बराच वेळ. “तळं होतं...” तो म्हणाला. “मोठं.”

“केवढं?”

“पलीकडचा काठ दिसायचा.” मग आणखी हळू, “काठावरची माणसंही दिसायची.”

त्या दिवशी पाऊस थांबल्यावर तिनं त्याला मागच्या मोकळ्या जागेत गळ फेकायला शिकवलं. मागे उभं राहून त्याचा उजवा हात धरला, कोपर कुठं ठेवायचं ते दाखवलं. त्याच्या शर्टाला ओल्या सुताचा आणि साबणाचा वास होता. ‘आता दोऱ्यावरचं बोट सोडा,’ ती म्हणाली. त्यानं ते सोडलं, तिचं सोडलं नाही. शिसं सरळ वर गेलं, शेजारच्या न्हाव्याच्या दोरीवर उतरलं आणि न्हाव्याची लांब चड्डी घेऊन परत आलं. मोमोसे ती परत करायला गेला आणि भिडेखातर केस कापून आला. केस त्याला अजिबात शोभत नव्हते. चिनामीला दुपारभर दुसरं काही सुचलं नाही.

जाताना त्यानं सांगितलं की रविवारी मोठा मासा पकडून इथंच ठसा काढायला आणीन, आणि तेव्हा एक गोष्ट सांगायची आहे... सध्या ती तयार नाही.

“गोष्ट सांगा,” चिनामी म्हणाली, “पण ठशाच्या बाबतीत थाप चालायची नाही.”

दुकानाच्या भिंतीवर ठसेच ठसे होते. माशाला शाई लावून त्यावर कागद दाबून काढलेले, खाली पकडणाऱ्याचं नाव, लांबी, तारीख, आणि कोपऱ्यात साक्षीदाराची सही. ही सही आधी ओगाता-सानांची असायची. ब्रश धरताना त्यांची बोटं आखडू लागल्यापासून चिनामीची. डोळ्यांनी पाहिलं, नाहीतर पोटातून पटलं, तरच सही करायची, हा बापाचा नियम. सख्ख्या भावानं बाजारातून मासा विकत आणला म्हणून ओगाता-सानांनी त्याचा ठसा भिंतीवरून उतरवला होता. भाऊ अकरा वर्षं बोलला नाही. साऱ्या किनाऱ्यावर ओगातांच्या सहीला किंमत होती. दुकानात तेवढी एकच वस्तू महाग होती.

हे सगळं तिनं त्याला सांगितलं. त्या दिवशी जाताना त्यानं एकही थाप मारली नाही.

गुरुवारी वादळाची शेपटी बंदराला लागून गेली. शुक्रवारी तो तिसरा गळ न्यायला आला, शनिवारी जवळ्याची गोठलेली लादी. आमिष हातात धरताना त्यानं डोळे मिटले होते.

रविवारी चिनामीनं सकाळपासून तीनदा फडकं मारून तोच गल्ला पुसला. अकराच्या सुमारास दार सरकलं.

मोमोसे नखशिखांत भिजला होता. जॅकेट मानेभोवती असं फुगलं होतं की चेहऱ्यातले फक्त डोळे आणि कपाळ दिसत होतं. एका पायात बूट नव्हता. बादलीतून मादाई माशाची शेपटी वर आली होती. लग्नकार्यात मिरवतात ती लाल मादाई, चांगली पन्नास सेंटिमीटरची.

“मीच आणली,” तो जॅकेटच्या आतून म्हणाला.

चिनामीचा हात आनंदानं तोंडाशी गेला. मग तिनं मासा फळीवर ठेवला, आणि हात सावकाश खाली आला.

समुद्रातल्या मादाईला प्रत्येक बाजूला दोन नाकपुड्या असतात. हिच्या दोन्ही जुळून एकच झाली होती. शेपटीची टोकं घासून गोल झाली होती. अंग लालऐवजी काळपट, उन्हानं रापल्यासारखं. हे पिंजऱ्यात वाढवलेल्या माशाचं अंग. खाडीपलीकडे माशांची शेती होती, आणि बसथांब्यापाशी त्यांचं दुकान. रविवारीही उघडं.

तिनं शाई घोटली. माशाचं अंग पुसलं, ब्रश फिरवला, वर पातळ कागद पसरून तळव्यानं दाबला. कागद उचलला तेव्हा खवला न् खवला उमटला होता, आणि ती एकुलती नाकपुडीही. मोमोसेनं ओल्या हातानं, पुन्हा पुन्हा पुसत, आपलं नाव लिहिलं. कोपऱ्यातली जागा रिकामी राहिली.

“तिथं कुणी होतं का?” तिनं विचारलं.

जागांच्या चिठ्ठ्या काढल्या तेव्हा त्याला धक्क्याच्या वळणापलीकडची शेवटची जागा आली होती, असं त्यानं सांगितलं. कुणी नव्हतं.

“मासा कसा लागला, सांगा.”

ती वाट बघत होती. थापाड्यांच्या गोष्टी तिला पाठ होत्या. आधी दोरा करकरतो, मग हात भरून येतात, मग अर्ध्या तासाची झुंज. हाही आता तेच सांगणार. आणि मग ती ब्रश धुऊन ठेवणार, आणि उद्यापासून दुपारी कुणी येणार नाही... सहा दिवसांत तिला त्याची एवढी सवय झाली होती, आणि हे तिला आत्ता कळत होतं, अगदी गैरसोयीच्या वेळी.

“लागला तेव्हा मी पाहिलं नाही,” मोमोसे म्हणाला. “मी समुद्राकडे पाठ करून उभा होतो. आवाज आला म्हणून वळलो, तर काठी घसरत पाण्यात चाललेली. तुमची काठी. मग मी उडी मारली.” तो थांबला. “उडी नाही. पाय घसरला.”

चिनामीनं ब्रश शाईच्या भांड्यावर आडवा ठेवला.

“जॅकेट फुगलं. माझं तोंड त्यात अडकलं. मी आईला हाक मारली.”

“आईला?”

“दोनदा. मग काठी हाताला लागली. ती धरून लोखंडी शिडीनं वर आलो, आणि दोरा गुंडाळला तर टोकाला हा होता. झुंज वगैरे नाही झाली. मला वाटतं, माझ्या हाका ऐकून तो... दमला असावा.”

खुर्चीतून एक खोकला आला. चिनामीनं तिकडे पाहिलं नाही. एवढी वर्षं तिनं थापा ऐकल्या होत्या. पण स्वतःची इतकी शोभा करणारी थाप आजवर कुठल्या पुरुषानं मारली नव्हती. माशाची नाकपुडी एक सांगत होती, आणि तिच्या पोटाला दुसरंच पटत होतं.

“समुद्राकडे पाठ का केली होती?”

“पाठांतर चाललं होतं. तुम्हाला सांगायचं होतं ते. समुद्रापुढे म्हणायची लाज वाटत होती.”

“मग म्हणा आता.”

त्यानं तोंड उघडलं, मिटलं. केसांतून पाण्याचा थेंब नाकावर आला आणि लोंबकळत राहिला. “पाण्यात पडल्यावर सगळं विसरलो... फक्त शेवटचं वाक्य आठवतंय.”

“काय?”

“‘घाई नाही, विचार करून सांगा.’”

चिनामीनं ब्रश उचलला. कागदाच्या कोपऱ्यात, साक्षीदाराच्या जागी, एकही अक्षर हलू न देता तिनं आपलं नाव लिहिलं.

“सांगितलं,” ती म्हणाली.

मोमोसेला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याचे फक्त डोळे आणि कपाळ हसले, बाकीचं दिसत नव्हतं. तिनं गल्ल्यावरून हात पुढे करून जॅकेटची हवा सोडली. आतून हनुवटीपर्यंत हसणारा चेहरा हळूहळू बाहेर आला.

ओगाता-सान उठले. चष्मा लावून त्यांनी ठसा पाहिला, मासा पाहिला आणि मुलीकडे पाहिलं.

“नाकपुडी पाहिलीस?”

“पाहिली.”

“शेपटी?”

“तीही पाहिली, बाबा.”

“तरी सही?”

“तरी सही.”

म्हातारा काही बोलणार, तेवढ्यात बाहेरच्या खांबावरचा गावाचा भोंगा खरखरला. एका बाईचा सावकाश आवाज डोंगरावर आपटून दोनदोनदा ऐकू येऊ लागला. गुरुवारच्या वादळात खाडीपलीकडच्या शेतीचं जाळं फाटल्याचं आज आढळलं आहे... आढळलं आहे. सुमारे चारशे मादाई बंदरात सुटल्या आहेत... सुटल्या आहेत. रस्त्यावरून न्हावी गिऱ्हाईकाला अर्धवट सोडून बादली घेऊन धावत गेला.

ओगाता-सानांनी चष्मा काढला. ठसा कुठं लावायचा हे ते भिंतीवर शोधू लागले. जागा शोधता शोधता त्यांनी मोमोसेला सांगितलं की बूट घालून ये, नाहीतर दुसराही काढ, आणि जेवायला थांब.

मासा धुऊन त्यांनीच दोन बाजू कापल्या आणि मीठ लावून ताटात ठेवल्या. शेगडी मागच्या अंगणात पेटवलेली होती. ताट न्यायचं काम मोमोसेनं मागून घेतलं. त्याच्या एका हातात ताट होतं आणि दुसऱ्या हातात चिनामीचा हात. दोघं एकमेकांकडे बघत अंगणात आली.

घार पाठीमागून आली. एक बाजू तिनं नेली. दुसरी मोमोसेच्या हातून गटारात पडली. दुपारी तिघांनी भात आणि मुळ्याचं लोणचं खाल्लं.