चार सेकंदांचं हस्तांदोलन

माझी मोजायची टेप टेबलाच्या एका टोकाकडून निघाली, त्याची दुसऱ्या टोकाकडून. बरोबर मध्यावर दोन्ही धडकल्या.

"तुमचा झेंडा आमच्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर उंच आहे," तो म्हणाला.

"तुम्ही वाकून बघताय."

"मग या बाजूला येऊन बघा ना."

गेले. [त्याच्या शर्टाला ताज्या इस्त्रीचा वास होता.]

चौकटी कंसांचं सांगून ठेवते. करारावर एकमत होईपर्यंत वादातला मजकूर असा कंसात ठेवतात. माझंही तसंच समजा.

तो शेजारच्या देशाचा राजशिष्टाचार अधिकारी, मी आमच्या देशाची. नऊ वर्षं सीमा बंद. इकडून तिकडे फोनसुद्धा लागत नाही. सीमा उघडायची म्हणून दोन्ही मंत्री या तिसऱ्याच देशात भेटणार होते. आमच्या कामाचा नियम एकच — कुठल्याही बाजूने काहीही आधी करायचं नाही. दारातून आत एकदम, बसायचं एकदम, पाण्याचा घोटही एकदम.

मंत्र्यांच्या जागी उभं राहून तालीम आम्हीच करायची. हस्तांदोलन, चार सेकंद.

पहिल्यांदा चार.

मग सहा.

मग... घड्याळ कुणी लावलंच नाही.

"सोडा आता."

"तुम्ही सोडा. आधी सोडणारी बाजू कमकुवत दिसते."

[मलाही सोडायचा नव्हता.]

आईचा फोन आला. "कुणाबरोबर आहेस गं?"

"झेंडे मोजतेय, आई."

"झेंडे मोजताना इतकं गोड बोलतात होय?"

परवा तो परत जाणार. बोलणी फिसकटली, तर संपलंच. पण बोलायचं आधी कुणी?

दुसऱ्या दिवशी मंत्री आले. हात मिळाले. कॅमेरे चमकले. चार सेकंद... दहा... एक मिनिट. कुणीच सोडेना.

मंत्र्यांच्या सूचनापत्रात 'वेळ' या रकान्यात मी लिहिलं होतं — समोरची बाजू सोडेपर्यंत. त्याच्याकडे बघितलं. चेहरा पांढराफटक. त्यानेही तेच लिहिलं होतं.

दोन मिनिटं. आमच्या साहेबांच्या कपाळावर घाम. मी मंत्र्यांच्या पाठीमागून सरकत त्याच्याजवळ गेले.

"तू सांग ना तुझ्या साहेबांना!"

"तू?" तो कुजबुजला. "'तुम्ही' सोडून 'तू' आधी तू म्हणालीस."

"म्हणाले. नोंद करून घे."

"घेतली. मग तूही ऐक... परत जायचं माझ्या जिवावर आलंय."

आमची कुजबुज सगळ्या खोलीला ऐकू गेली होती. आमचे साहेब मान वळवून बघत होते. त्यांचेही.

"यांच्यासाठी तरी सीमा उघडायला हवी," त्यांचे साहेब म्हणाले. दोघेही हसले, आणि हसता हसता हात सुटले. आधी कुणाचा, ते एकाही कॅमेऱ्यात आलं नाही.

करारावर सह्या झाल्या. मला तो आवडतो. कंस काढले.

सीमा उघडली त्या सकाळी तो पहिल्याच बसमधून उतरला आणि त्याने हात पुढे केला. सोडायचा कुणी, यावर आमची बोलणी अजून चालू आहेत.