उत्कर्षा धक्का देत नाही

करकंब गावात कालव्याच्या चारीवर रोज सकाळी सातला कोंडीबा तात्यांच्या छोट्या ट्रॅक्टरला धक्का द्यायला माणसं जमत. द्राक्षाच्या दोन ओळींतून जाणारा तो बैलाएवढा ट्रॅक्टर. पण दसऱ्यापासून चावी फिरवली की नुसतं ‘टक्’ म्हणायचा आणि गप्प. मग उतारावरून ढकलायचा. पोस्टमन ढकलायचे, गणिताचे मास्तर ढकलायचे. तात्यांच्या पुतण्याचं, इंद्रजीतचं, स्थळ बघायला आलेले दोन पाहुणेही ढकलून गेले. परत आले नाहीत.

“आमच्या ट्रॅक्टरला बाहेरचा हात लागत न्हाय,” इंद्रजीत छाती फुगवून सांगायचा. त्यानं बॅटरी नवी घातली, स्टार्टर नव्या तारेनं भरून आणला. तात्यांच्या मते मात्र ही नजर होती. बॉनेटवर लिंबं इतकी लटकली, की शेजाऱ्यांना वाटलं यांनी पीक बदललं.

त्या सकाळी आभाळ भरून आलेलं, बारीक भुरभुर. असल्या हवेत घडांवर दावण्या रोग पडायला वेळ लागत नाही. फवारणी आजच व्हायला हवी होती. आणि पावसामुळं धक्क्याला कुणीच नाही. तेवढ्यात एक स्कूटी आली. इंद्रजीतनं हात केला.

“ओ ताई, जरा धक्का द्या की!”

स्कूटी थांबली. हेल्मेट निघालं. कपाळावर ओली बट, आणि सरळ माणसाच्या आत वायरिंग तपासणारी नजर... इंद्रजीतला त्या ‘ताई’चा ताबडतोब पस्तावा झाला.

“मी धक्का देत न्हाय,” ती म्हणाली. “चालू करते.”

ही अकलूजची उत्कर्षा. करकंबच्या बाजारपेठेत तिनं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकून महिना झाला होता. गिऱ्हाईक यायचं, “मिस्त्री कुटं हाय?” विचारायचं, ती “मीच” म्हणाली की “मग येतो” म्हणत जायचं. तुळशीच्या लग्नापर्यंत असंच चाललं तर ती शटर ओढून घरी परतणार, हे साऱ्या करकंबला ठाऊक होतं. तरी कुणी जात नव्हतं. इंद्रजीतही नाही.

“फिरवा चावी.”

टक्.

तिनं बॅटरीला मीटर लावला. “बॅटरी ठणठणीत हाय. स्टार्टरबी नुकताच भरलेला दिसतोय. कशाला?”

“संशय आला म्हणून...”

“लई चांगल्या वस्तू बदनाम केल्या तुमी.”

त्यानं खताचं रिकामं पोतं तिच्या डोक्यावर धरलं. स्वतः भिजत राहिला.

“माज्यावर न्हाय, मीटरवर धरा.”

“मीटर भिजला तर दुसरा मिळंल की...”

तिनं मान वर केली. एक क्षणभर — बस्, तेवढंच. मग एक जाड वायर घेऊन तिचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं इंजिनच्या उघड्या बोल्टवर दाबलं. “आता फिरवा.”

घर्रर्र... धड्-धड्-धड्! सगळी लिंबं नाचायला लागली.

“अर्थिंग,” ती शांतपणे म्हणाली. “करंट जातो, पन बॉडीतनं माघारी यायला त्याला वाट न्हाय. आत नुसता अडकून बसतो.”

इंद्रजीतला ही अवस्था ओळखीची वाटली.

इंजिन बंद करून तिनं अर्थच्या वायरचा बोल्ट खोलला. खाली लालभडक ऑइल पेंट. आरसाच.

“रंगातनं करंट जात न्हाय. ह्यो कुणी दिला?”

तात्यांच्या घरात खंडेनवमीला ट्रॅक्टर नुसता पुजत नाहीत, रंगवतात. यंदा इंद्रजीतनं एकेक बोल्ट काढून, खाली ब्रश फिरवून परत बसवला होता. एकही जागा सोडली नाही, हे त्यानं गावभर सांगितलं होतं.

“...मी.”

“लई मन लावून दिलाय.”

“...व्हय.”

ती हसली. पॉलिश पेपरनं घासून लोखंड उघडं केलं, बोल्ट आवळला. या वेळी इंजिन नुसत्या चावीवर चालू झालं. आवाज ऐकून तात्या छत्री घेऊन आले, मागं मास्तर, पोस्टमन, निम्मी आळी.

“बघा!” तात्या गरजले. “आमच्या इंद्रानं काढला का न्हाय बिघाड? बाहेरचा हात लागू दिला न्हाय!”

टाळ्या पडल्या. उत्कर्षानं पक्कड पिशवीत टाकली आणि स्कूटीकडं वळली. सवय झाली होती.

इंद्रजीत नुसता गप्प राहिला असता तरी चाललं असतं. पण तो सीटवर चढला.

“तात्या, बिघाड मी केलता! वायरीखाली रंग मारला. माज्या रंगापायी वीस दिस तुमी समद्यांनी धक्कं मारलं. काढला ह्यांनी, वीस मिनिटांत. करकंबात मिस्त्री कोण, असं कुणी इचारलं तर उत्कर्षा म्हणून सांगायचं!”

सतरा वेळा ढकललेल्या मास्तरांनी त्याच्याकडं नापास नजरेनं पाहिलं. तात्या छत्री मिटून भिजत उभे राहिले.

मग पोस्टमन खाकरले. “मिस्त्री... माज्या गाडीचा ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो.”

“धा वाजता दुकानात आणा,” उत्कर्षा म्हणाली.

माणसं पांगली. ती म्हणाली, “एवढं बोलायची गरज नव्हती...”

“होती. आजवर त्या रंगाचाच अभिमान धरून बसलो. आता — दुसऱ्या कुणाचा तरी धरावा म्हंतो. तुमची हरकत नसंल तर...”

“हरकत...” तिनं हेल्मेट उगाच दोनदा उलटसुलट केलं. “घरी इचारावं लागंल. रविवारी अकलूजला या. ह्योच ट्रॅक्टर घिऊन. ढकलत आणला तर चहा. चावीवर आला तर — पोहे.”

रविवारी इंद्रजीत सरळ रस्ता सोडून वेळापूरचा फेरा घालून गेला. वाटेत अकरा ठिकाणी, जिथं चार माणसं उभी दिसली तिथं, ट्रॅक्टर मुद्दाम बंद केला, चावीवर चालू केला आणि कुणी न विचारता दुरुस्ती कुणाची ते सांगितलं. दहाला येणारा माणूस दोनला पोहोचला.

उत्कर्षा दारातच होती. “पोहे पार गार झालं,” ती म्हणाली. पण ओठ मिटता मिटत नव्हते.

इंद्रजीतनं ट्रॅक्टर बंद केला. मग आत बसलेल्या तिच्या वडिलांना नीट ऐकू जावं म्हणून बाराव्यांदा चावी फिरवली.