कवळीच्या डबीतली मोटारसायकल

गॅरेजच्या अर्ध्या उघड्या शटरखाली आधी दोन बूट दिसले, मग गुडघे, मग वाकलेला एक तरुण. त्याच्या हातात गुलाबी प्लास्टिकची डबी होती.

"जरा ऐकता का?" तो म्हणाला. "हे दात आमच्या आजोबांना बसत नाहीयेत."

चिमटी फरशीवर मांडी घालून बसली होती, आणि तिच्याभोवती मोटारसायकल बसली होती. म्हणजे उभी राहता येण्याच्या अवस्थेत ती नव्हती. चाकं भिंतीला टेकवलेली, टाकी स्टुलावर, सीट माळ्यावर. चिमटीने हात पुसले, डबी घेतली, झाकण उघडलं. आत पितळेच्या दोन इवल्याशा नळ्या, एक स्प्रिंग आणि एक सुई होती.

याच वस्तूंसाठी तिने तीन दिवस गॅरेज पालथं घातलं होतं. केर चहाच्या गाळणीतून गाळला होता. वडिलांवर संशय घेतला होता.

"हे दात नाहीत," ती म्हणाली.

"आम्हालाही तसं वाटलं. पण आजोबा म्हणाले, नवीन पद्धत निघाली असेल."

"त्यांनी... घालून पाहिलं?"

"एक पाहिला. चव पेट्रोलची आहे म्हणाले. पण पकड चांगली आहे, असंही म्हणाले."

झालं होतं ते असं. चिमटी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. अख्खा दिवस चिमट्याने एकेक दात उचलून मेणात बसवायचा, म्हणून घरात तिचं नाव चिमटी. मोटारसायकल खोलताना सुटे भाग ठेवायला तिने लॅबमधल्या पन्नास रिकाम्या डब्या आणल्या होत्या. बुधवारी घाईत एक डबी इकडची तिकडे झाली. दातांच्या डॉक्टरांनी ती न उघडताच आजोबांच्या हातात ठेवली आणि शुभेच्छा दिल्या. दात बसेनात, तेव्हा चिमटीचा पत्ता दिला.

चिमटी उठली. फळीवर 'कार्ब्युरेटर' अशी चिठ्ठी लावलेली डबी होती. तिने ती श्वास रोखून उघडली. आत बुधवारपासून पेट्रोलमध्ये भिजत पडलेली आजोबांची वरची कवळी होती. चौदाच्या चौदा दात शांतपणे हसत होते. हिरड्यांचा रंग मात्र उडाला होता.

"नवीन करावी लागेल," ती म्हणाली. "आठ दिवस लागतील. चूक माझी आहे. तोवर आजोबा खातील काय?"

"सध्या माझं डोकं खातायत," तो म्हणाला. "त्याला दात लागत नाहीत."

हे तो इतक्या सरळ चेहऱ्याने म्हणाला की चिमटीला हसावं की सांत्वन करावं ते कळेना. तिने मध्यममार्ग म्हणून त्याला स्टूल दिलं. स्टुलावर टाकी होती, तेव्हा तो टाकी मांडीवर घेऊन बसला. तक्रार करायला आलेला माणूस दुसऱ्याची पेट्रोलची टाकी बाळासारखी मांडीवर घेऊन बसला, की त्या तक्रारीत फारसा जोर उरत नाही.

तो लोकांचे कान तपासायचा. कुणाला किती ऐकू येतं ते पाहायचं आणि कमी येत असेल त्याला यंत्र बसवायचं, हे त्याचं काम. आजोबांना दात नव्हते आणि ऐकूही येत नव्हतं. म्हणजे त्या दोघांच्या धंद्याला ते एकटे पुरेसे होते.

"आणि ही?" त्याने भोवती पसरलेल्या मोटारसायकलीकडे पाहिलं. "हिला काय झालंय?"

"बंद पडून अकरा वर्षं झालीयेत. बाबांची आहे. आई तिला सवत म्हणते."

घरात एक जुनी थट्टा होती - चिमटीने सुरू केलेलं एकच काम पूर्ण झालं, ते म्हणजे जन्म. तोही दहा दिवस उशिरा. कपाटावर तीन तारांची गिटार होती. एका बाहीचा स्वेटर होता. पोहणं ती अर्धंच शिकली होती. जाता यायचं, परत येता यायचं नाही. म्हणून या वेळी तिने सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, की ही मोटारसायकल मी एकटी चालू करून दाखवणार. आईने लगेच मुदत घातली. आईला महिना संपला की गॅरेजमध्ये शिवणक्लास सुरू करायचा होता आणि आठ जणींनी नावं दिली होती. मोटारसायकल चालू झाली तर ती बाहेर गॅलरीखाली उभी राहील. नाही झाली, तर महिन्याच्या शेवटच्या रविवारी अकरा वाजता भंगारवाला टेंपो घेऊन येईल. आईने त्याला सांगूनही ठेवलं होतं. आई कामं अर्धी सोडत नसे.

"पाच रविवार आहेत माझ्याकडे," चिमटी म्हणाली. "बाबा म्हणतात, इंजिनाला तीनच गोष्टी लागतात. पेट्रोल, हवा आणि ठिणगी. माणसांपेक्षा बरं आहे."

"आजचा धरून पाच?"

"धरून."

"मग मी तुमचा अर्धा रविवार खाल्ला," तो म्हणाला. पण टाकी खाली ठेवून काही उठला नाही.

*

पुढच्या रविवारी तो आजोबांनाच घेऊन आला. चिमटीने नवी कवळी गॅरेजमध्येच बसवून पाहिली. कवळीचे दात कुठे टेकतात ते पाहायचा निळा कागद असतो, तो आजोबांच्या दाढांमध्ये ठेवून ती म्हणाली, "चावा."

"हो, चहा चालेल," आजोबा म्हणाले.

आजोबांनी आयुष्यभर पाण्याचे पंप दुरुस्त केले होते. पण ही गोष्ट त्यांना कुणी विचारली नाही आणि त्यांनी सांगितली नाही. ते आत जाऊन बाबांबरोबर पत्ते खेळत बसले.

गॅरेजमध्ये तोवर इंजिन एकसंध झालं होतं. चिमटीने किक मारली. इंजिन खोकलं, दोन सेकंद धडधडलं आणि बंद पडलं.

"पुन्हा मारा," कानवाला म्हणाला. त्याने डोळे मिटले होते. "टिकटिक येतेय. वरून, उजवीकडून. काय बिघडलंय ते मला कळत नाही, पण कुठे दुखतंय ते ऐकू येतं."

त्याने सर्वांत लांब स्क्रू ड्रायव्हर उचलला, टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाशी नेली. मग जरा विचार करून ती मूठ चिमटीच्या कानाशी धरली. शटरवर पाऊस बारीक वाजत होता. त्याच्या बोटांना साबणाचा वास होता, तिच्या बोटांना ग्रीसचा.

"आम्ही तपासताना एक नियम सांगतो," तो हळूच म्हणाला. "ऐकू आलं, की बोट वर करायचं. बोलायचं नाही."

त्याने दुसऱ्या हाताने किक दाबली. स्क्रू ड्रायव्हरमधून तिच्या कानात बारीकशी टिकटिक आली. त्याशिवाय आणखीही एक धडधड येत होती. ती इंजिन बंद पडल्यावरही थांबली नाही, तेव्हा ती इंजिनाची नसावी.

चिमटीने बोट वर केलं. कशासाठी, ते सांगितलं नाही.

दुखणं टॅपेटचं निघालं. तिथे दोन भाग नीट टेकत नव्हते. चिमटीने तोच निळा कागद मध्ये सरकवला, डाग पाहिला आणि आजोबांच्या दाढेसारखंच तेही बसवून टाकलं. दोघांनी मिळून झाकण लावलं. चार बोल्ट होते. चारही लावायला त्यांना दीड तास लागला, कारण प्रत्येक बोल्टला एक विषय निघत होता.

*

तिसऱ्या रविवारी इंजिन चालू झालं.

दहा सेकंदच चाललं, कारण टाकीत घोटभरच पेट्रोल होतं. पण ते दहा सेकंद इतके स्वच्छ होते की शंकेला जागाच नव्हती. पेट्रोल भरायचं, सीट बसवायची आणि निघायचं. काम संपलं होतं.

गॅरेजमध्ये कुणी आनंदाने ओरडलं नाही. चिमटी म्हणाली, "अरे वा." कानवाला म्हणाला, "छानच." दारात आलेले आजोबा म्हणाले, "हं." असल्या सुरात लोक सहसा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बोलतात.

"आज उशीर झालाय," चिमटी म्हणाली. "पेट्रोल... पुढच्या रविवारी भरू."

"हो, घाई कशाला," कानवाला म्हणाला.

ती चहा आणायला आत गेली. ओट्याशी उभी राहून तिने हिशोब केला. मोटारसायकल चालू झाली, की तो येणार कशाला? कवळी बसली होती. तिचे स्वतःचे कान धडधाकट होते, हे तिचं दुर्दैव. आयुष्यात पहिल्यांदा एक काम पूर्ण होत होतं आणि पहिल्यांदाच ते होऊ नये असं तिला वाटत होतं.

ते दोघे गेल्यावर तिने डॉक्टरांकडून आणलेल्या खोक्यातली कापसाची एक सुरळी घेतली आणि पेट्रोलच्या नळीत घट्ट बसवली. एकच रविवार, तिने स्वतःला सांगितलं. शेवटच्या रविवारी काढून टाकू.

चौथ्या रविवारी पेट्रोल भरलं. किक मारली. इंजिनाने हूं की चूं केलं नाही. असला झकास रविवार त्या गॅरेजने पाहिला नव्हता. कानवाल्याने नापास गाडीचं इतकं मनमोकळं कौतुक केलं की चिमटीला जरा विचित्रच वाटलं. आजोबांनी पत्त्यांचे सहा डाव जिंकले आणि तीन वेळा चहा मागितला. घरात काळजीत होते ते एकटे बाबा.

*

शेवटच्या रविवारी भंगारवाला अकराऐवजी पावणेअकराला आला. आईने त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि मोटारसायकल दाखवली. तो बशी हातात धरून तिच्याकडे पाहत बसला, मुलगी पाहायला आल्यासारखा.

चिमटीने सकाळीच कापूस काढला होता. ती निर्धास्त होती. तिने किक मारली.

काही नाही.

पुन्हा मारली. दहा वेळा मारली. कपाळावर केस चिकटले. भंगारवाल्याचा चहा निम्मा झाला होता.

"राहू दे गं," आई मऊ आवाजात म्हणाली, आणि त्या मऊपणाचीच चिमटीला भीती वाटली. "गिटारचंही असंच झालं. मला नाही राग."

चिमटीने किकवरचा पाय काढला. आपल्या त्या सुरळीने आत काहीतरी कायमचं बिघडलं, अशी तिची खात्री झाली. आता गाडीही जाणार होती आणि तोही. आणि उरलेल्या जन्मभर तिच्या नावावर हे अर्धं काम राहणार होतं, जे खरं तर तिने पूर्ण केलं होतं.

"आई, ही मागच्या-मागच्या रविवारीच चालू झाली होती," ती म्हणाली. "मी नळीत कापूस घातला. आज काढला. पण..."

"कापूस? का?"

चिमटी हँडलकडे पाहून बोलली. "चालू झाली असती, तर रविवार संपले असते."

भंगारवाल्याने फुरका मारायचं थांबवलं.

कानवाला खाकरला. "कापसाने काही बिघडलेलं नाही," तो म्हणाला. "हवाही अडलीय."

"म्हणजे?"

"मी अडवली." त्याने खाली वाकून हवेच्या फिल्टरच्या तोंडात दोन बोटं घातली आणि एक गुलाबी बोळा ओढून काढला. कानाचा साचा घ्यायला वापरतात, तो लगदा. "तुम्ही त्या दिवशी चहा आणायला गेलात ना... तेव्हा. आज सकाळपासून काढायला बघतोय, पण तुमचे बाबा समोरून हलतच नाहीयेत."

बाबा हलले.

चिमटीने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. कानांच्या धंद्यातल्या माणसाला ते लपवायला जागा नसते.

तिने किक मारली. इंजिन एकदा हुंकारलं आणि गप्प झालं.

"पेट्रोल आहे, हवा आहे," बाबा बोटं मोजत म्हणाले. "मग ठिणगी?"

सगळ्यांनी हळूहळू माना वळवल्या. आजोबा खुर्चीत बसून छताकडे पाहत होते. कानातलं यंत्र त्यांनी केव्हाच बंद केलं होतं. नातू जवळ गेला आणि ते चालू केलं.

"आजोबा."

"मला ऐकू येत नाही," आजोबा म्हणाले.

"आजोबा, प्लग कुठेय?"

आजोबांनी खिशातून गुलाबी डबी काढली. आत रुमालात गुंडाळलेला स्पार्क प्लग होता, लखलखीत घासलेला. "तिथे जुना बसवलाय, पंपाचा," ते म्हणाले. "मेलेला आहे. दिसायला चांगला."

"अहो, पण का?" आईने विचारलं.

"हा घरी दिवसाला चार वाक्यं बोलतो," आजोबांनी नातवाकडे बोट दाखवलं. "त्यातली दोन 'गोळ्या घेतल्या का'. इथे आला की तासन् तास बडबडतो. मला त्याचं यंत्राशिवायही ऐकू येतं. कशाला चालू करायची गाडी? आणि पोरी, वरची कवळी उत्तम बसलीय. पहिलीपेक्षा छान."

चिमटीने प्लग बसवला. पाना कानवाल्याने धरला. मग तिने किक मारली, आणि अकरा वर्षं गप्प बसलेली ती सवत पहिल्याच किकला अशी काही बोलायला लागली की आईने नकळत पदर सावरला.

भंगारवाल्याने कप खाली ठेवला. "म्हणजे हिचं नक्की नाही ना?" त्याने विचारलं. "मग दुसरं काही अर्धवट आहे का घरात?"

"गिटार आहे," आई म्हणाली.

"गिटार राहू दे," चिमटी म्हणाली. "ती पुढच्या महिन्यात."

तिने हेल्मेट घातलं, दुसरं त्याच्या हातात दिलं. "बसता?"

"तुम्ही म्हणाल तर—"

"तू म्हण. सगळे बोल्ट लावून झाले तरी तुम्ही-तुम्ही करत बसलो, तर अवघड आहे."

गाडी गल्लीतून निघाली. सकाळच्या पावसाचं पाणी खड्ड्यांत साचलं होतं. त्यात एकेक आभाळ होतं, आणि ती एकेक आभाळ चुकवत चालवत होती. मागे तो सीटची पट्टी धरून बसला होता. पहिल्या वळणावर त्याने पट्टी सोडली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या वळणावर तो पुढे झुकला आणि काहीतरी म्हणाला.

इंजिन धडधडत होतं, हेल्मेट जाड होतं, आणि तो तर अगदी हळू बोलला होता, तपासणीत सगळ्यात शेवटी जितका बारीक आवाज देतात तितका. सहसा कुणाला येत नाही तो ऐकू.

चिमटी काही बोलली नाही. नियम होता. तिने डाव्या हाताचं बोट हँडलवरून उचललं आणि वर केलं.